नितकोर तुकडा

अजूनही कुणी माझ्यापुढं ताट ठेवलं, की मी भाकरी हातात घेऊन एकदा सगळीकडून फिरवून बघते. सून हसते. "आई, भाकरी आहे ती, एक्स-रे नव्हे," म्हणते. तिचं खरं आहे. सगळी उमर नर्सच्या नोकरीत गेली, किती माणसांच्या हातचा चहा प्याले आणि किती घरांत जेवले याचा हिशेब नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती देवळात प्रभुभोजनाला बसते तेव्हा तर ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांबरोबर एकाच पावातला तुकडा तोंडात घालते आणि मनात काही येत नाही. पण भाकरी दिसली की बोटं आपोआप तिच्या काठावरून फिरतात. भीती मनातून गेली, बोटांना ते अजून कुणी कळवलेलं नाही.

आमचं घर कुंडलला, गावाच्या कडेला, उसाच्या रानापासून हाकेच्या अंतरावर. मूळ घर एकच होतं, पण माझ्या लहानपणीच मधे विटांची भिंत आली. अलीकडे आम्ही, पलीकडे माझी थोरली चुलती. तिला मी मोठीआई म्हणत असे. तिला मूलबाळ नव्हतं, आणि भिंत बांधली त्या वर्षीच तिचे यजमानही वारले. भिंतीला गिलावा करायचा राहून गेला तो राहूनच गेला. त्यामुळं पलीकडचा आवाज अलीकडे येई. पहाटे मोठीआई भाकऱ्या थापायला बसली, की मला अंथरुणात कळे. बायकांच्या भाकरी थापण्याची एकेकीची वेगळी चाल असते. माझ्या आईची थाप भरभर, कुणीतरी मागं लागल्यासारखी. मोठीआईची संथ. तीन थापा, मग थांबायचं, मग पुन्हा तीन. मला तो आवाज ऐकत झोपायला आवडायचं. पण आई म्हणायची, "मधी थांबती बग. काय पुटपुटती देवाला ठावं. कान झाकून घे." मी कान झाकून घेई आणि बोटांच्या फटीतून ऐकत राही.

आईचे नियम होते. पाण्याच्या घागरीवर कायम फडकं. विंचरलेले केस चुलीत. दिवेलागणीनंतर ताक-मीठ कुणाला द्यायचं नाही आणि कुणाचं घ्यायचं तर मुळीच नाही. कुणी प्रसाद आणून दिला तर हसून घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि पाठ फिरली की म्हशीपुढं टाकायचा. म्हशीला कधी काही झालं नाही. त्याचा अर्थ आई असा लावी, की म्हशीचे ग्रह जबर आहेत. घरात खायला काही कमी नव्हतं. हुलग्याचं माडगं, तव्यावरचा खर्डा, विरजलेलं घट्ट दही, पाटीभर शेंगा. पण ते सगळं आईच्या हातचं हवं. "दुसऱ्याच्या हातचा घास म्हंजी दुसऱ्याच्या हातात जीव," हे तिचं वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकले. शाळेत मैत्रिणी डबे उघडून एकमेकींच्यात हात घालायच्या, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून जेवायची. मला शिष्ट म्हणायच्या. शिष्ट कसली, भेदरलेली होते.

याचं कारण माझा धाकटा भाऊ अरुण. बेंदराच्या सणाला बैलांच्या शिंगांत कडबोळी अडकवतात, ती पोरं काढून खातात. त्या वर्षी मोठीआईनं अरुणसाठी वेगळी कडबोळी तळली होती आणि त्यानं तिच्या उंबऱ्यावर बसून ती खाल्ली. मी समोर उभी होते. मलाही तिनं एक दिलं होतं, ते मी फ्रॉकच्या खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी अरुणचं तोंड उघडेना. दातखीळ बसली, पाठ धनुष्यासारखी मागं वाकायला लागली. बायका म्हणाल्या, खाण्यातनं दिलं. माझे वडील, आण्णा, तेव्हा फौजेत, लांब कुठंतरी सीमेवर. आई बेशुद्ध पडलेली. मोठीआई आणि तिचे यजमान पोराला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी मोकळ्या हातांनी परत आले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली होती, पण आमच्या घरात तेव्हापासून त्या कावळ्याला मोठीआई हे नाव पडलं. आण्णा तार मिळून आले, पुढं पेन्शन घेऊन घरीच राहिले. रोजच्या शिव्याशाप ऐकून त्यांनी भिंत बांधली. ते ना आईला बोलले, ना वहिनीला. खिशातलं कडबोळं मी मात्र विहिरीमागं पुरलं आणि कितीतरी दिवस तिथं काही उगवतं का ते बघायला जात होते.

मला नर्सिंगला घालायचं आण्णांनी ठरवलं. फौजेतल्या दवाखान्यात त्यांनी नर्सा पाहिल्या होत्या, पोटात गोळी लागलेल्या माणसांपाशी न घाबरता उभ्या राहणाऱ्या. सांगलीजवळ एक मिशनचा दवाखाना होता, तिथं शिकायला जागा मिळाली. आई चार दिवस रडली. मिशनवाले पाव खायला घालून बाटवतात, हे तिनं तिच्या आजीकडून ऐकलं होतं. "विहिरीत पाव टाकला आन् सगळं गाव बाटलं," ही गोष्ट ती अशी सांगे, की तो पाव पडताना हिनं स्वतः पाहिला असावा. शेवटी तह झाला. मी पावाला शिवायचं नाही आणि डबा रोज घरून यायचा. तेव्हा शहरात शिकणाऱ्या पोरांचे डबे एसटीनं येत. सकाळची गाडी आमच्या दवाखान्याच्या फाटकावरून जाई, कंडक्टर वॉचमनच्या हातात डबा देई आणि संध्याकाळी त्याच गाडीनं रिकामा डबा माघारी. आई डबा धडप्यात बांधायची आणि त्याला निरगाठ मारायची. एकीवर दुसरी निरगाठ, आणि त्या गाठीत लाल मिरचीचं देठ खोचलेलं. वाटेत कुणी डबा उघडला तर गाठ तशी बसणार नाही आणि देठ मोडेल. फौजेत आण्णा गेले होते, पण पहारा आईला जास्त कळायचा.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही दोघी. दुसरी मार्था, वडूजकडची. तिचे वडील तिकडं कोरडवाहू रान कसायचे आणि रविवारी चार घरं जमवून प्रार्थना घ्यायचे. मार्था काळीसावळी, उंच, बोलायला मोकळी आणि ट्रंकेला कुलूप न लावणारी. मला हे कुलूप न लावणं पहिल्याच दिवशी खटकलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. ही मला दाखवायला उघडी ठेवते, म्हणजे मी माझी उघडी ठेवावी. मी माझ्या ट्रंकेला कुलूप तर लावलंच, वर झाकणाच्या फटीत एक केस अडकवून ठेवला. तो केस पहिल्या दिवसापासून जागचा हलला नाही. त्यामुळं माझा संशय कमी व्हायचा तर तो वाढला. इतकी हुशार आहे, म्हटलं, केससुद्धा हलू देत नाही!

त्या पहिल्या वर्षात वर्गात धनुर्वाताचा धडा आला. बाई फळ्यावर लिहीत होत्या आणि मी वहीत उतरवत होते. पायाला गंजका खिळा लागणे. जखमेत माती किंवा शेण जाणे. आठएक दिवसांनी जबडा आवळणे. पाठीची कमान होणे. माझी पेन्सिल थांबली. बेंदराच्या आठवडाभर आधी बैल धुताना अरुणच्या पायात नालेचा खिळा घुसला होता. तो रडत आला. आईनं त्याला मांडीवर घेतलं, लुगड्याच्या पदरानं रक्त पुसलं आणि गोठ्यातलं ताजं शेण जखमेवर थापून वर चिंधी बांधली. थंड वाटेल म्हणाली. चिंधी धरायला मी होते.

ज्ञानानं भीती जाते असं लोक म्हणतात. माझी गेली नाही. उलट त्या दिवसापर्यंत जगात एक तरी हात माझ्या खात्रीचा होता, तोही गेला. आता आईच्या डब्यातली भाकरी तोंडात फिरायची. आईवर संशय नव्हता, तिनं मायेनंच केलं होतं. पण मायेनंही माणूस मरतो हे कळल्यावर कुणाच्या हातचं खायचं? मेसमध्ये कुणी आमटी ढवळली तरी मी पळी बघायची. नळाचं पाणी ओंजळीनं प्यायची, म्हणजे मधे कुणाचा पेला नको. सकाळी उठले की छातीत धडधड, हाताला घाम. वॉर्डात बाई म्हणायच्या, मुली, तुझी नाडी पेशंटपेक्षा जोरात चालली आहे.

अशात एके दिवशी डबा आला तो सुरगाठ मारून. एक टोक ओढलं की सुटणारी, साधी. मिरचीचं देठ नाही. आत तीन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कालवण. आणि प्रत्येक भाकरीच्या काठाचा एक तुकडा मोडून नेलेला. चतकोरसुद्धा नव्हे, नितकोर, एका घासाएवढा. मी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. उंदीर असता तर कुरतडल्याची खूण असती. हे बोटांनी मोडलेलं होतं, नीट, प्रत्येकीचं सारखं.

वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, "ताई, मी भाकरी चोरायला माझी बायको मेली काय?" राहिली मार्था. मी ड्यूटीवर असताना डबा वॉचमनकडून तीच आणून खोलीत ठेवायची. ती कशाला मोडत असेल? खायला नव्हे, मेसमध्ये ती चार चपात्या खायची. मग त्या जागी काहीतरी लावायला. माझं डोकं तिथवर गेलं आणि तिथंच बसलं. संशयाला पाय नसतात, पण तो एकदा येऊन बसला की उठत नाही. मी मेट्रनबाईंकडं जाऊन तक्रार केली, की मार्था माझ्या डब्याला हात लावते. चोरीचा नियम कडक होता. मेट्रनबाईंनी तिला बोलावलं. ती एवढंच म्हणाली, "मी न्हाई केलं, बाई." बाईंनी तिच्या वडिलांना बोलवायचं पत्र लिहून ठेवलं. पुढच्या आठवड्यात ते आले असते आणि मुलीला घेऊन गेले असते. त्या दिवशीही मार्थानं ट्रंकेला कुलूप लावलं नाही. मी विचारलं, "आता तरी का लावत नाहीस?"

"तू संशय घेतलास म्हणून मी का भ्यायचं?" ती म्हणाली. रागानं नव्हे, पण हसूनही नव्हे.

डबा मी तसाच भरलेला माघारी पाठवायला लागले. मेसचं खात नव्हतेच. रविवारी सगळ्या मुलींबरोबर उपासनेला जावं लागे. मी मागच्या बाकावर, दाराजवळ, म्हणजे उठून जायला बरं. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. टेबलावर पाव ठेवलेला, पण म्हातारे पाळकसाहेब त्याला भाकर म्हणत. आईची गोष्ट आठवून मी बाकाची कड घट्ट धरली. मग त्यांनी येशूच्या शेवटच्या जेवणाची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. पंगतीला बसलेल्यांत एकजण दगा देणार होता. प्रभूला ते ठाऊक होतं. आणि ठाऊक असून त्यानं घास त्याच माणसाच्या हातात दिला, एकाच ताटात दोघांचे हात गेले. पाळकसाहेब पुढं गेले, मी तिथंच अडकले. आम्हाला नुसता संशय आला तर आम्ही घरात भिंत बांधली. आणि ह्याला संशय नव्हता, खात्री होती! तरी उठून गेला नाही? मला राग आला. मग वाटलं, यात काहीतरी गोम असणार. इतकं निर्भय कुणी असतं का? त्या दिवसापासून मला त्या माणसाची पाळत ठेवावीशी वाटायला लागली. माझी श्रद्धा अशी सुरू झाली, पाळत ठेवण्यातून. लोकांची कशी होते मला माहीत नाही.

सोमवारी वॉर्डात चादर बदलताना मी पडले. डोळे उघडले तेव्हा खोलीत होते आणि मार्था खाटेशेजारी स्टुलावर बसली होती. हातात पितळीत चहा आणि बशीत पावाचे दोन तुकडे.

"तक्रार मागं घ्यावी म्हणून आणलास?" मी विचारलं. असली मी.

"नको घेऊस. खा फकस्त."

"तू आधी खा. माझ्यासमोर."

तिनं पाव उचलला. मला वाटलं खाते. पण तिनं तो परत बशीत ठेवला. "न्हाई खाणार. मी आदी खाल्ला तर आजची भीती जाईल. उद्या? रोज कोन बसनार हाय तुज्या आदी खायला? लगीन झाल्यावर नवऱ्याला बसवनार हायेस व्हय?"

मला एवढ्यातही हसू आलं आणि त्याबरोबर रडू. मी तिला अरुणचं सांगितलं, कडबोळ्याचं, शेणाचं, चिंधी धरल्याचं. आजवर कुणाला बोलले नव्हते. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "भीती मलाबी वाटती गं. बा येऊन मला घेऊन जाईल ह्याची. मी सकाळी उठून येशूला सांगून टाकते. ती लगेच जाती असं न्हाई. पन मी एकटीच तिला धरून बसत न्हाई. तूबी सांग. मला नको सांगू, त्याला सांग. मग खा, न्हाईतर ठेव."

आणि ती बाहेर जाऊन उभी राहिली. मी आयुष्यातली पहिली प्रार्थना केली ती अशी. मला तुझाही भरवसा नाही. तू आहेस का तेही ठाऊक नाही. पण तू दगा देणाऱ्याबरोबर जेवलास म्हणतात, तर आता माझ्याजवळ बस, मी हा पाव खाते. मेले तर तुझ्यासमोर मेले. एवढंच. डोळे मिटले आणि पाव चहात बुडवून खाल्ला. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. मेले नाही. बाटले असेन तर त्याचंही काही दुखलं नाही. मात्र कित्येक महिन्यांनी माझे हात कोरडे होते. धडधड पुढं कितीतरी वर्षं अधूनमधून येत राहिली, खोटं कशाला सांगू. बाप्तिस्मा मी खूप नंतर, पूर्ण पारखून घेतला. पण दार त्या दिवशी किलकिलं झालं हे खरं.

दोन दिवसांनी त्याच सकाळच्या एसटीतून डब्याऐवजी आण्णाच उतरले. "डबा भरल्याला माघारी येतोय. तुझ्या आयनं घर डोक्यावर घेतलंय. काय झालं?" मग कळलं. आई गोठ्यात घसरून पडली होती, उजवा हात मोडला होता, महिनाभर प्लॅस्टरमध्ये. शिक्षण सोडून पळत येशील म्हणून कळवलं नव्हतं. मी विचारलं, "मग भाकऱ्या कोण करतं?" आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "व्हतंय कसंतरी." फौजेतला माणूस, पण खोटं बोलायला तयार केलेला नव्हता.

आण्णांबरोबर घरी पोचल्यावर आईनं डाव्या हातानं मला जवळ ओढलं, तोंड हुंगलं आणि पहिला प्रश्न केला, "पाव न्हाई न्हवं खाल्लास?"

मी म्हटलं, "खाल्ला." त्यावर जे झालं ते सांगत बसत नाही. म्हैससुद्धा दावं तोडायला निघाली होती.

पहाटे जाग आली ती थापेनं. तीन थापा, थांबा, पुन्हा तीन. मला वाटलं भिंतीपलीकडून येतेय. पण आवाज जवळचा होता. उठून चुलीकडं गेले. आमच्या चुलीपुढं मोठीआई बसली होती. भिंत झाल्यापासून तिला या बाजूला मी पाहिलं नव्हतं. केस पांढरे झालेले, हात मात्र तेच. आई समोर खाटेवर, गळ्यात अडकवलेला पांढरा हात, नजर भाकरीवर रोखलेली. तिसरी भाकरी तव्यावरून उतरली. मोठीआईनं तिन्ही ओळीनं मांडल्या. आई म्हणाली, "आक्का, आदी खा."

मोठीआईनं पहिल्या भाकरीचा काठ मोडला, नितकोर, आणि तोंडात घातला. आई ती गिळेपर्यंत बघत होती. म्हणजे हेच. रोज पहाटे, माझ्या डब्यातल्या एकेका भाकरीतून. आधी हिनं खायचं, हिला काही झालं नाही तर लेकीला पाठवायचं. आणि तिकडं मी त्या तुकड्यापायी मार्थाचं नाव घालवून बसले होते.

मोठीआईचा हात दुसऱ्या भाकरीकडं गेला. मी मधे बसले आणि ती भाकरी उचलली. "राहू दे, मोठीआई," म्हटलं. "ही मीच आधी खाते." बेंदराचा उंबरा, खिशातलं कडबोळं, सगळं समोर आलं. मी मनात एवढंच म्हटलं, बस माझ्याजवळ. आणि गरम भाकरीचा घास मोडून खाल्ला.

आई किंचाळली. "थुक! थुक ती! माजं एक लेकरू खाल्लंय हिनं, आता तुला खाईल!"

माझा तोल गेला. इतकी वर्षं या बाईला आपण काय केलं ते एकदम माझ्या घशाशी आलं. "आई, अरुणला हिनं नाही मारलं," मी म्हटलं. "आम्हाला वर्गात शिकवलंय. त्याच्या पायावर तू जे..."

पुढचा शब्द बाहेर आला नाही. मोठीआईनं भाकरीचा मोठा तुकडा चटणीत बुडवून माझ्या तोंडात कोंबला होता. तिचा पिठाचा हात माझ्या ओठांवर तसाच राहिला. डोळे माझ्या डोळ्यांत. तिनं मान हलवली, जेमतेम, आईला दिसणार नाही इतकी. नको.

तिला ठाऊक होतं. मी घास चावत राहिले. खर्ड्याहून तिखट चटणी होती, डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं की कशानं, मला सांगता येत नाही. आई खाटेवरून आम्हा दोघींकडं बघत होती. मी गिळलं. दुसरा घास घेतला, तोही गिळला. अख्खी भाकरी संपवली.

दुपारी एसटीला जाताना मोठीआई उसाच्या बांधापर्यंत आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तालुक्याच्या डाक्टरनं इचारलं हुतं, पायाला काय लावलं म्हनून. तवाच त्येनं सांगितलं, शेनानं झालं. तुज्या चुलत्यालाबी म्या शपथ घातली. तिला कळलं असतं तर ती हिरीत गेली असती. आन् तू एवडीशी हुतीस."

"पण एवढी वर्षं सगळं गाव तुला..."

"मला कुठं लेकरू हुतं जायला? तिचं गेलं," ती म्हणाली. "माज्यावर राग धरून का हुईना, जगली न्हवं?" मग पदरानं माझं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "तूबी नगं सांगू."

मी सांगितलं नाही. शेवटपर्यंत नाही, आई गेली तेव्हाही नाही. पुष्कळ वेळा ओठांवर आलं, आणि प्रत्येक वेळी तो पिठाचा हात आठवला. ही बाई कधी चर्चची पायरी चढली नाही, देवघरातल्या देवांपलीकडं तिला काही ठाऊक नव्हतं. पण त्या रविवारच्या गोष्टीत मला जी गोम शोधायची होती, ती मला तिच्या बांधावर सापडली. इतकं निर्भय कुणी असतं का, याचं उत्तर आमच्याच भिंतीपलीकडं राहत होतं आणि मी कान झाकून घेत होते.

हॉस्टेलवर पोचले ती आधी मेट्रनबाईंकडं गेले. वडूजला धाडायचं पत्र अजून टेबलावरच होतं. मी म्हटलं, चूक माझी आहे, तुकडा माझ्याच घरचं माणूस मोडत होतं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, मला चांगलं फैलावर घेतलं आणि पत्र फाडलं. मार्थाची माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "आता तरी त्यो केस काढ गं ट्रंकेवरचा, रोज बघून बघून मलाच भ्या वाटतंय." तिला पहिल्या दिवसापासून तो केस माहीत होता.

पुढचे काही दिवस डबा येत राहिला. सुरगाठ, तीन भाकऱ्या, तिन्हींचा काठ मोडलेला. मी खायची. मोडलेल्या जागेपासूनच सुरुवात करायची, मुद्दाम. येशूला मनातून सांगायची, त्यांच्याही जवळ बस, दोघींच्या. मग एका गुरुवारी वॉर्डातून येऊन मी डबा उघडला. गाठ सुरगाठच होती, म्हणजे भाकऱ्या मोठीआईच्याच. आईचा हात अजून प्लॅस्टरमध्ये होता. मी सवयीनं पहिली भाकरी हातात घेतली आणि फिरवली. एकदा फिरवली, दोनदा फिरवली. मग दुसरी, मग तिसरी.

मार्था म्हणाली, "काय गं, आज काय सापडलं?"

मी भाकरी तिच्यापुढं धरली. काठ सगळीकडून गोल होता. तिन्ही भाकऱ्या अख्ख्या होत्या.